जास्तीचा क

"नाव नाही कुणाचं, तेव्हा राग धरू नका," म्हणत साहेबांनी स्क्रीन डॉक्टरांकडे वळवली.

डॉक्टर म्हणजे कॉम्प्युटरचे डॉक्टर. ऑफिसातले दोनशे बारा कॉम्प्युटर एकोणीस वर्षं त्यांच्या हाताखाली होते. कुठल्याही टेबलावरून फोन यायचा, "जरा येऊन जा हो," की हे जिना चढून हजर. तळमजल्यावरच्या सर्व्हरवरून निम्मी कामं बसल्या जागी उरकली असती. पण माणूस समोर दिसला की कॉम्प्युटर निम्मा आपोआपच सुधारतो, असं त्यांचं ठाम मत. जाऊन बसायचं, चार गप्पा मारायच्या, जाताजाता बिघाड काढायचा.

मग सगळं क्लाउडवर न्यायचं ठरलं. अपडेट देणं, सॉफ्टवेअर टाकणं, हरवलेला लॅपटॉप बंद करणं, सगळं बाहेरची कंपनी इंटरनेटवरून करणार. एकेक कॉम्प्युटर तिकडे सोपवायचं काम तीन महिने राबून केलं कुणी, तर डॉक्टरांनीच. आपल्या हाताने आपल्या पायावर धोंडा. पण साहेबांनी शब्द दिला होता, "लोकांना विचारू. जागेवर येणारा माणूस हवा म्हणाले, तर तुम्ही इथेच." नाहीतर शहराबाहेरचं गोदाम, आणि तिथे खोकी मोजणं.

"मतं निम्मी-निम्मी पडली," साहेब म्हणाले. "या एका उत्तराने पारडं फिरलं बघा."

डॉक्टरांनी चष्मा लावून वाचलं. 'ककॉम्प्युटरवाले टेबलाशी येऊन बोलत बसतात. अर्धा तास जातो. हेच ककाम लांबून झालं तर बरं.'

त्यांना नावाची गरजच लागली नाही. तो जास्तीचा क साऱ्या ऑफिसात एकाच कीबोर्डावर उमटायचा, दुसऱ्या मजल्यावर, बाहेर जाणाऱ्या पत्रांची नोंद ठेवणाऱ्या जावकताईंच्या. डॉक्टरांनी पाचदा तरी म्हटलं असेल, बदलून देतो. "राहू द्या हो दादा," ताई हसायच्या, "एक मागितला की दोन देतो. इतकं उदार कोण भेटतं आजकाल?" आणि जास्तीचा खोडून पुढे जायच्या. घाईत असल्या की राहायचा.

याच ताईंच्या नऊ वर्षांच्या नोंदी एकदा कॉम्प्युटर बंद पडून गेल्या होत्या. चौकशी लागली होती. डॉक्टरांनी सुट्टीचे दोन दिवस घालून एकूण एक नोंद परत काढली, तेव्हा ताई डोळे पुसत म्हणाल्या होत्या, "सख्ख्या भावाने केलं नसतं, दादा." आणि गेल्याच आठवड्यात डॉक्टर भीड सोडून म्हणाले होते, "ताई, दोन शब्द बरे लिहा." त्यावर ताई म्हणाल्या, "हे काय सांगणं झालं?"

"ओळखलंत की काय?" साहेबांनी विचारलं.

"छे. कुणीही असेल."

ताई तोंडावर म्हणाल्या असत्या, दादा, फार बोलता, तर ते हसले असते आणि गप्प बसले असते. बोलणं आवडत नव्हतं, याचं त्यांना एवढं वाईट वाटलं नाही. आवडतंय असं इतकी वर्षं दाखवलं, ते लागलं.

शेवटच्या दिवशी ते सामानाच्या खोलीतून नवा कीबोर्ड घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले.

"अगंबाई, दादा?" ताई गडबडल्या. "मी तर बोलावलं नव्हतं."

"हो. पण हे काम लांबून होत नाही."

ताईंचा हात पत्रावरच थांबला. डॉक्टरांनी जुना कीबोर्ड काढला, नवा जोडला, त्यावर 'काम' असं टाईप करून पाहिलं. क एकच उमटला.

"झालं," ते म्हणाले. "आता काहीही लिहा, ताई. कुणी लिहिलं ते कळायचं नाही."

ताईंनी शेजारची, नेहमीची खुर्ची पुढे ओढली. "बसा ना दादा. जरा वेळ."

"नको," डॉक्टर म्हणाले. जुना कीबोर्ड काखेत धरून ते निघाले. त्या टेबलाशी न बसता परत फिरायची ही त्यांची पहिलीच वेळ होती.