गार खोली

ठाकुर्लीच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दर शनिवारी कुणीतरी बोलतं. मागे एकदा माझी पाळी होती. विषय मीच घेतला होता, श्रीमंत देशांचा धूर आणि आपला उन्हाळा. पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी कोळसा जाळला, गाड्या पळवल्या, घरं गार केली आणि चटके मात्र आफ्रिकेला, बांगलादेशाला नि आपल्याला. भरपाईचं नाव काढलं की ते आणखी एक परिषद भरवतात. "आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, ही यांची नीती!" मी टेबलावर हात आपटून म्हणालो. टाळ्या पडल्या. मला टाळ्या आवडतात, खोटं कशाला बोलू?

आमच्या घरी एसी नाही. तत्त्व म्हणूनच घेतलेला नाही. शेजारच्या ऋतुराजकडे आहे आणि त्याचं बाहेरचं यंत्र खालच्या बैठ्या घराच्या पत्र्यावर दिवसभर गरम हवा ओकत असतं. त्या घरात लक्ष्मी राहते, कडेवर लहान मुलगी. तिच्या वतीने मी ऋतुराजशी कितीदा तरी भांडलोय.

"अरे, तुम्ही गार बसता आणि ती पोर भाजून निघते!"

"काका, आईला दम लागतो हो. काय करू सांगा?"

सबबी सगळ्यांकडेच असतात, असं मी त्याला सुनावायचो. लक्ष्मी मला फार मानते.

अशातच आमची क्षिप्रा बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला. अजून बारसंही व्हायचं होतं. माझी बायको उत्तरा म्हणजे जुन्या वळणाची. बाळंतिणीला वारं लागता कामा नये, म्हणून खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, वर ओव्याची धुरी. बाळाला टोपडं, झबलं आणि दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं.

"आई, अगं बाहेर आग पडतेय," क्षिप्रा म्हणायची.

"तुलाही अश्शीच वाढवलीय. काय झालं तुला?"

क्षिप्राने माझ्याकडे बघून एसीचं नाव काढलं. मी तिला कट्ट्यावरचं भाषण थोडक्यात ऐकवलं.

मंगळवारी भर दुपारी तिची हाक आली. तसा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. "बाबा, हा पीतच नाहीये. उठतच नाहीये!"

बाळाचा चेहरा लालबुंद झाला होता. अंगाला हात लावला तर तापलेला तवा. इवलासा हात उचलला की लुळा खाली पडत होता. उत्तरा शेगडी बाहेर काढायला गेली आणि घाईत निखारे फरशीवर सांडले. मी डॉक्टरांना फोन लावला. ते ओरडलेच, "अंगावरचं सगळं काढा, आधी गार खोलीत न्या! तिथे पाजून बघा. नाही प्यायला तर एक क्षण थांबू नका, इकडे आणा."

गार खोली! मी उघडं बाळ छातीशी धरलं आणि अनवाणी शेजारी धावलो, मागोमाग क्षिप्रा आणि उत्तरा. दार लाथेनेच वाजवलं.

ऋतुराजने दार उघडून आम्हाला थेट एसीच्या खोलीत नेलं. त्याची आई धापा टाकत पलंगावरून उठली आणि क्षिप्राला जागा करून दिली. आम्ही सगळे त्या एवढ्याशा जिवाकडे बघत राहिलो. देवाचं नाव मी वर्षानुवर्षं घेतलं नव्हतं, ते घेतलं. बऱ्याच वेळाने बाळाने तोंड वेडंवाकडं केलं, बारीक रडलं आणि मग प्यायला लागलं. उत्तरा भिंतीला टेकून हुंदके द्यायला लागली. माझेही डोळे वाहत होते.

तेवढ्यात खालून हाका ऐकू आल्या. मी खिडकीची काच सरकवली. लक्ष्मी बादलीने पत्र्यावर पाणी मारत होती. कडेवरच्या मुलीची मान तिच्या खांद्यावर पडली होती. मला बघून तिचा चेहरा उजळला.

"काका! बरं झालं तुम्हीच आहात तिथे. सांगा ना त्यांना, जरा वेळ बंद करा म्हणावं. पोरगी लय तापलीय माझी!"

ऋतुराजच्या हातात रिमोट होता. "काका," त्याने हळूच विचारलं, "काय करू?"

मागे बाळाच्या पिण्याचा चुटुचुटु आवाज येत होता.

"राहू दे," मी म्हणालो, काच लावली आणि पडदा ओढून घेतला.