समुद्राकडे तोंड असलेलं माझं घर

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते मी केलं. कुणी सांगितलं नव्हतं. भर मीटिंगमध्ये मीच उभी राहून म्हणाले, की दुसऱ्यांची घरं झाडायच्या आधी आपलं अंगण झाडू, पहिली यादी आपल्याच ऑफिसातल्या माणसांची पाठवू. सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी त्यांची सुट्टीच रद्द केली.

आमचं ऑफिस सरकारी अधिकाऱ्यांची मालमत्ता तपासतं. दरवर्षी प्रत्येक अधिकारी लिहून देतो, माझं घर अमुक, जमीन तमुक, आणि ते खरं की खोटं हे आम्ही बघतो. एकोणीस वर्षं मी हेच करतेय. देशाच्या आतलं आम्हाला सगळं दिसायचं, पण वरकमाईचं घर शहाणा माणूस आपल्या गल्लीत कशाला घेईल? तो सीमेपलीकडे घेतो. तिकडे पत्र पाठवलं की उत्तराला दीड वर्ष, आणि तोवर साहेब निवृत्त होऊन नातवंडं खेळवत बसलेले. यंदा मात्र शेजारच्या चार देशांशी करार झाला. इकडून नाव, जन्मतारीख, आईचं नाव पाठवायचं, तिकडची नोंदणी कार्यालयं आपापल्या दप्तरात शोधणार आणि आठवड्यात कळवणार. मला तर लॉटरी लागल्यासारखं झालं होतं.

आमच्या प्रमुखांना सगळं ऑफिस पाठीमागे गाळणी म्हणतं, कारण त्यांच्या हातून कागद गेला की चोथा वर राहतोच. माझी सूचना त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, चालेल, पहिलं नाव माझं घाला. झालं, सव्वीस नावं गेली.

उत्तर सोमवारी सकाळी आलं. पंचवीस नावांपुढे 'काही आढळलं नाही' आणि माझ्या नावापुढे 'एक मालमत्ता'. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या पोरीने स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, ताई, तुम्ही तर छुप्या रुस्तम निघालात. मीही हसले. सुरुवातीला नामसाधर्म्याचा गोंधळ होणार हे आम्हाला आधीच सांगितलं होतं. कुणीतरी नशीबवान बाई असेल, तिला माझा नमस्कार कळवा, असंही मी वर बोलून घेतलं.

मग जोडलेले कागद उघडले. जन्मतारीख माझी. आईचं नाव, माहेरच्या आडनावासकट, माझ्याच आईचं. ओळखपत्राचा नंबर माझा. तीन खोल्या, चौथा मजला, समुद्राकडे तोंड. फोटोत गॅलरीत कुणा भाडेकरूचे टॉवेल वाळत होते. इथे मी भाड्याच्या दोन खोल्यांत नळाच्या वॉशरसाठी घरमालकाच्या पाया पडतेय, आणि तिकडे माझ्या गॅलरीत लोक टॉवेल वाळवतायत. शेवटच्या पानावर मुखत्यारपत्र होतं, म्हणजे माझ्या वतीने खरेदी करायचा अधिकार मी कुणाला तरी दिल्याचा कागद. खाली सही माझी, अगदी माझीच. अधिकार दादाला. साक्षीदार म्हणून आईची सही.

दादा माझा सख्खा भाऊ, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. बांधकाम परवाने देणाऱ्या खात्यात आहे. त्याची फाईल नियमाप्रमाणे माझ्या टेबलावर कधी येत नाही, पण ज्यांच्याकडे जाते ते मला मुद्दाम येऊन सांगायचे, मालमत्तेचं विवरण असावं तर तुमच्या दादांसारखं, एक घर, एक स्कूटर, पानभरात काम खलास. मी वर्षभर त्या कौतुकावर जगायचे.

गाळणी साहेबांनी केबिनमध्ये बोलावून नोटीस हातात दिली. सात दिवसांत लेखी खुलासा, तोवर एकाही फाईलला हात लावायचा नाही. पटला नाही तर नोकरी जाणार आणि खटला वेगळा. हे सगळं त्यांनी खाली बघत सांगितलं. मग मान वर करून एवढंच म्हणाले, की ज्यांची नावं कागदात आहेत त्यांना फोन करू नका, तुम्हाला काय सांगायचं.

खरंच मला काय सांगायचं? दर नव्या माणसाला पहिल्या दिवशी मीच घोकून घेते: आधी कागद, मग माणूस. माणसाला आधी विचारलंत तर कागदाला पाय फुटतात. एकोणीस वर्षांत मी हा नियम एकदाही मोडला नव्हता. आणि त्या सोमवारी जिन्यात उभी राहून मी दादाला फोन केला. मूर्खपणा म्हणा, नाहीतर बहीणपणा म्हणा. त्याला विचारल्याशिवाय त्याच्यावर संशय घ्यायची मला लाज वाटली.

त्याने सगळं ऐकून घेतलं. आवाज चढला नाही, अडखळला नाही. घाबरू नकोस, म्हणाला, गुरुवारी जेवायला ये, सविस्तर बोलू, आणि तोवर कुणाला काही लिहून देऊ नकोस. मी बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मला जरा हायसंही वाटलं, आहे की नाही कमाल?

मुखत्यारपत्रावरची तारीख घरी गेल्यावर आठवली. सहा वर्षांपूर्वी बाबांचं ऑपरेशन होतं तो दिवस. ऑफिसात माझी चेष्टा होते, की ही बाई बसच्या तिकिटाची मागची बाजूसुद्धा वाचते. पण त्या दिवशी दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा कागदांचा गठ्ठा घेऊन आला. ऑपरेशनची संमती, विमा, बाबांच्या पेन्शनचं काहीतरी, म्हणाला, इथे कर, इथे कर आणि इथे. आई शेजारच्या बाकावर बसली होती, तिनेही केल्या. आत बाबांचं पोट फाडलेलं असताना मी काय कलमं वाचत बसणार होते? चौथ्या दिवशी बाबा गेले. नंतर कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत होते, की त्या दिवसांत दादा होता म्हणून निभावलं.

गुरुवारी दुपारी दादाच्या घरी गेले, आई त्याच्याकडेच राहते. आईने दार उघडलं. वहिनीने मुलांना क्लासला पिटाळलं होतं. सगळं माझ्या आवडीचं केलं होतं, आणि आई पुन्हा पुन्हा वाढत होती, किती वाळलीस गं म्हणत होती. जेवण होईपर्यंत त्या विषयावर कुणी चकार शब्द काढला नाही. मी जेवलेसुद्धा, पोटभर.

हात धुतल्यावर दादा बोलायला लागला. मला वाटलं होतं नाकबूल करेल, किंवा रडेल तरी. लहानपणी तो मला भागाकार शिकवायचा, त्याच आवाजात त्याने सगळं समजावून सांगितलं. एका बिल्डरने परवान्याच्या बदल्यात ते घर दिलं होतं. त्याच्या किंवा वहिनीच्या नावावर घेतलं असतं तर विवरणात दाखवावं लागलं असतं.

"बहिणीचं नाव तिथे मागतच नाहीत," तो म्हणाला. "आणि तुझ्या नावावर शोधणार कोण? शोधणारी तूच."

हे सांगताना तो किंचित हसला. रागाने माझे कान तापले. ज्या नावावर मी एकोणीस वर्षं कुणाचा चहासुद्धा घेतला नाही, ते नाव त्याला तिजोरीसारखं वाटलं होतं. मी म्हटलं, दादा, तू माझा केसाने गळा कापलास. त्यावर तो म्हणाला की त्रागा करू नकोस, मार्ग आहे. मी लिहून द्यायचं की घर माझंच, मी माझ्या पैशांनी घेतलं, दाखवायचं राहून गेलं. फार तर नोकरी जाईल. वकील तो बघेल, आणि पुढे मला आयुष्यभर काही कमी पडू देणार नाही.

मी आईकडे पाहिलं. खरं सांगते, मला वाटलं ती आता त्याच्या थोबाडीत देईल.

"त्याला दोन लेकरं आहेत गं," आई म्हणाली. "तू एकटी. तुझं असं काय जाणार?"

लग्न केलं नाही म्हणून माझं काही जाण्यासारखंच नाही, हे आईला कधीपासून वाटत होतं कुणास ठाऊक. मी उठले आणि सांगितलं की मी खरं तेच लिहिणार. दादा खिडकीशी जाऊन उभा राहिला. आई मात्र माझ्या मागे दारापर्यंत आली, हात धरला आणि रडायला लागली. त्याचं तुला काय लिहायचं ते लिही, म्हणाली, पण मला यात ओढू नकोस, मला काही माहीत नव्हतं असं लिही, या वयात मला कोर्टाच्या पायऱ्या चढायला लावू नकोस. तिचा हात थरथरत होता. तो थरथरतो म्हणून तर तिचे पेन्शनचे फॉर्म कित्येक वर्षं मीच भरते. मी हो म्हटलं. मग तिने उरलेलं जेवण डब्यात भरून दिलं आणि गुडघे दुखत असताना फाटकापर्यंत आली.

शनिवार-रविवार मी खुलासा लिहीत बसले. दादाचं नाव लिहिताना रडले, पण लिहिलं. आणि साक्षीदाराबद्दल लिहिलं की तिचीही सही माझ्यासारखीच, काही न सांगता घेतली गेली, तिला यातलं काही माहीत नव्हतं. ते वाक्य खोटं होतं. दादाचं ऐकून ती जराही चकित झाली नव्हती, उलट 'तू एकटी' म्हणून हिशोब मांडून मोकळी झाली होती, त्यावरून मला कळून चुकलं होतं की तिला आधीपासून सगळं ठाऊक आहे. सरकारी कागदावर मी लिहिलेलं ते पहिलं खोटं, आणि ते आईसाठी लिहिलं म्हणून मला त्याचं फारसं वाईटही वाटलं नाही.

सोमवारी साहेबांच्या टेबलावर कागद ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. मग विचारलं, की कुणाला फोन केला होतात का? मी सांगितलं, भावाला, नोटीस मिळाली त्याच दिवशी. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि खणातून एक पाकीट काढलं.

"हे बुधवारी आलं," ते म्हणाले. "तुमचा खुलासा येईपर्यंत मला दाखवता येत नव्हतं."

बुधवारी, म्हणजे माझ्या जेवणाच्या आदल्या दिवशी. आत दादाचं निवेदन होतं, टाईप केलेलं, वकिलाच्या भाषेतलं. घर बहिणीचं, पैसे बहिणीचे, तिच्या आग्रहाखातर आपण फक्त धावपळ केली. ते मला जवळजवळ अपेक्षितच होतं. त्याच्या खाली दोन पानं हाताने लिहिलेली होती. मुलीने स्वतः मला सांगितलं की मी घर घेतेय, मुलगा नको म्हणत होता, तिने त्याचं ऐकलं नाही, ती लहानपणापासून हट्टी आहे. अक्षर आईचं. ओळी सरळ, एकही खाडाखोड नाही, कुठे थरथर नाही. खाली तारीख मंगळवारची.

म्हणजे गुरुवारी मला वाढताना ते लिहून झालेलं होतं. पाकीट पोचलेलंसुद्धा होतं. मी ते घर माझंच म्हणावं म्हणून दादाने प्रयत्न केला, आणि ते जमेना तेव्हा तिने माझ्याकडून एवढंच मागून घेतलं, की मी तिला निर्दोष म्हणावं. माझ्याविरुद्ध बोलणारी साक्षीदार स्वच्छ हवी, आणि ती स्वच्छ असल्याचा दाखला मीच माझ्या सहीने द्यावा. माझ्यासमोर ती रडली, ते यासाठी. त्या डब्यातलं मी दोन दिवस पुरवून खाल्लं होतं.

साहेबांनी माझा खुलासा माझ्याकडे सरकवला. म्हणाले, अजून याची आवक नोंद झालेली नाही, मुदत पाचपर्यंत आहे, काही बदलायचं असलं तर बदला. आणि चहा पिऊन येतो म्हणून ते उठून बाहेर गेले. त्यांना चहा प्यायचा नव्हता, मला एकटीला बसू द्यायचं होतं, हे मला कळलं.

मी माझ्या टेबलाशी येऊन शेवटचं पान नव्याने लिहायला घेतलं. कॉम्प्युटरवरच्या पोरीने पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि काही न विचारता गेली. लिहिलं, की साक्षीदाराला व्यवहाराची पूर्ण माहिती होती. लिहिलं, की गुरुवारी दुपारी तिने माझ्याकडे खोटा खुलासा मागितला आणि मी तो दिलाही होता. हे सगळं सरळ उतरलं, अक्षरही बिघडलं नाही. मग आमच्या पद्धतीप्रमाणे साक्षीदाराच्या नावापुढे तिचं माझ्याशी नातं काय ते लिहायचं होतं. दोन अक्षरांचा शब्द, पण तो लिहायला मला पाच वाजायला सात मिनिटं कमी असेपर्यंत वेळ लागला.