हळदीच्या बॅनरवरचा ग्रुप

कुळगावात माझं फ्लेक्सचं दुकान आहे. लोकांना वाटतं मी बॅनर बनवते. खरं तर मी भाऊबंदकीची मापं घेते, तीही फुटात. हळदीच्या बॅनरवर कोणाचा फोटो केवढा, कोण वरच्या ओळीत, कोण मामाच्या खाली, यावरून इथे वर्षानुवर्षं अबोले चालतात. नवरदेवाला उरलेल्या जागेत कोंबायचं.

सोमवारी पुतळाबाई आल्या. त्यांचा नातू कल्पेश, त्याची हळद. पिशवीतून तीन फोटो काढून त्यांनी काउंटरवर ठेवले. एक स्वतःचा, दोन मुलांचे. थोरला मुलगा चंदर, म्हणजे नवरदेवाचा बाप, आणि धाकटा हरेश. विहिरीकडे जाणाऱ्या वाटेच्या भांडणावरून दोघं चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत.

"दोघांना माझे दोन बाजूंना लाव," म्हातारी म्हणाली. "आनी असं चिकटव, का कोनाला सुटं करता येनार नाय. बॅनरवर फोटो दिसला तरच हरेश हळदीला येल. नायतं नाय यायचा."

मी तिघांचे फोटो नावांसकट निवडले आणि कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये कंट्रोल जी दाबलं. झाला ग्रुप. आता एकाला ओढलं की तिघं सरकणार, एकाला फुगवलं की तिघं फुगणार. म्हातारी खूश झाली आणि स्क्रीनवर, बॅनरच्या माथ्याला असलेल्या एकवीरा देवीच्या पाया पडून गेली. काचेवर दहा बोटं उमटली, ती मीच पुसली.

बुधवारी चंदरकाका बॅनर पास करायला आले. माझ्या मागे उभे राहिले आणि म्हणाले, "मला मोठा कर. नवऱ्याचा बाप हाय मी."

मी कोपरा ओढला. काका मोठे झाले. हरेशही झाला.

"त्याला कशाला मोठा केलास?"

"तुम्ही एकाच ग्रुपमध्ये आहात."

"मी? त्याच्या ग्रुपमध्ये? कोनी टाकला मला?" काकांनी खिशातून फोन काढला, चष्मा चढवला आणि व्हॉट्सअ‍ॅप उघडलं. "लेफ्ट होतो आत्ताच."

"तिथे नाही हो. इथे, बॅनरवर. तुमच्या आईने टाकलंय."

काका जरा गडबडले, पण माणूस एक नंबरचा हट्टी. "फोड," म्हणाले.

गिऱ्हाईक म्हणेल ते करायचं, म्हणून मी कंट्रोल यू दाबून ग्रुप फोडला. एकट्या काकांना मोठं केलं, तर त्यांचा खांदा आईच्या तोंडावर आला. वर एकवीरा, खाली बेचाळीस पाहुणे, पलीकडे हरेश. सरकवायला जागाच नव्हती.

"मग आईला जरा लहान कर," काका सहज बोलून गेले.

माझं डोकं सटकलं. ती बाई या उन्हात चालत आली होती ती काय लहान व्हायला? मी थंडपणे एक थाप मारली. "काल हरेशकाका येऊन गेले. तेही हेच म्हणाले, आईला लहान कर."

"आईला लहान कर बोलला तो?"

काकांच्या मानेच्या शिरा फुगल्या. हरेशचा नंबर फोनमध्ये नव्हता. त्यांनी तो एकेक आकडा दाबून लावला, एकदाही न अडखळता. फोन कानाला होता, पण त्या घराण्यात हळू कोणी बोलत नाही, त्यामुळे मला दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"आईला लहान करायला सांगतोस? लाज हाय का?"

"मी? दादा, मी बॅनरच्या दुकानात गेलोच नाय. आईला लहान कर असं कोन बोलंल?"

मी कीबोर्डवरची धूळ झटकायला लागले. आता काका माझं दुकान फोडणार, याची खात्रीच होती. थाप मारल्याची लाज वाटत नव्हती, पण भीती मात्र चांगलीच वाटत होती.

काका माझ्याकडे बघतच नव्हते. ते स्क्रीनकडे बघत होते, स्वतःच्या खांद्याखाली अर्ध्या झाकलेल्या आईकडे.

"मीच बोललो," ते फोनमध्ये म्हणाले. "आत्ता. हितं उभा राहून."

फोन कट झाला की काय म्हणून काकांनी तो कानापासून काढून बघितला आणि परत लावला.

"थांब तिथंच, दादा," हरेश म्हणाला. "आलो."