कानाने बघणारे पंच

चौथा फाऊल लागला आणि खांबने पंचांकडे अशा नजरेने पाहिलं, की दुधात पडलेल्या झुरळाकडेही माणूस जरा प्रेमाने पाहील.

तिला खांब म्हणायचे ते उंचीमुळे, आणि एका जागी ठाम उभं राहण्याच्या कसबामुळे. शाळेच्या संघात बास्केटखालची राखण तिची. हात सरळ वर करून उभं राहायचं आणि समोरचीला बॉल टाकणं नको नको करून सोडायचं. त्यात अंगाला अंग लागणारच! दहाजणी त्या एवढ्याशा कोर्टवर धावणार, मग काय एकमेकींना लांबून नमस्कार करणार? त्यांची कोच, जिला सगळ्या ताई म्हणत, पहिल्या दिवसापासून बजावत आली होती, "लागलं म्हणजे फाऊल नव्हे. जागा आधी कुणाची होती, आणि त्या धक्क्याने कुणाचं काही बिघडलं का, एवढंच पंचाने बघायचं."

एवढंच. पण या पंचमहाशयांना तेवढंही झेपत नव्हतं. कडक इस्त्रीची पँट, शर्टाच्या बटणांशी भांडणारं पोट, आणि गळ्यातली शिट्टी अशी मिरवायची जणू कुणी पदकच घातलंय. सकाळी मुलांच्या सामन्यात दोन पोरं आडवी झाली, तरी हे "खेळा, खेळा" म्हणत पुढे पळाले होते. मुलींच्या सामन्यात मात्र कुणी जोरात श्वास घेतला की फुर्रर्र!

"अहो पंच," प्रेक्षकांतून खांबच्या आत्याचा खणखणीत आवाज आला. आत्या नर्स होती आणि वॉर्डात तिला माईक लागत नसे. "मलमपट्टी मी करते, तुम्ही खेळ चालू द्या!"

हे चारही फाऊल मिळवले होते समोरच्या संघातल्या नटीने. नटी खेळायची बरी, पण पडायची अप्रतिम. बॉल हातातून सुटला रे सुटला की "आई गंऽऽ!" अशी आर्त किंकाळी, एक गिरकी, आणि मग केस विस्कटणार नाहीत अशा बेताने जमिनीवर लोळण. खांबचं बोट लागलेलं असो वा नसो.

ताईने टाइमआऊट घेतला. एका गुणाची आघाडी होती आणि शेवटचं मिनिट उरलं होतं.

"अजून एक लागला की तू बाहेर," ताई म्हणाली. "आणि सात नंबर तर ही अशी." सात नंबर पाय मुरगळून, घोट्यावर बर्फाची पिशवी धरून बाकावर बसली होती. खांब गेली की बास्केटखाली उभं राहायला कुणी उरतच नव्हतं. सामना मग नटीच्या घरचाच.

"ताई, ते बघतच नाहीत गं," खांब एकदम म्हणाली. "ते ऐकतात."

"काय ऐकतात?"

"नटीने बॉल टाकला की यांची मान बॉलबरोबर वर जाते. खाली काय झालं ते दिसत नाहीच. किंकाळी आली की शिट्टी, आणि मग जवळ दिसेल तिचा नंबर. कुणी दिसलं नाही, तर तोंडाला येईल तो."

ताईने ओठ दाबून हसू गिळलं. "मग काय करणारेस?"

"मी तिथे नसेनच ना!"

खेळ सुरू झाला. नटी बॉल घेऊन सुसाट आत घुसली, आणि खांब चक्क दोन ढांगा मागे सरकली, हात पाठीशी बांधून. नटीने सवयीने बॉल फेकला, सवयीने किंचाळली, सवयीने गिरकी घेऊन पडली. बॉल रिंगवर आपटून बाहेर गेला. नटीच्या आसपास चिटपाखरू नव्हतं.

फुर्रर्र! पंचमहाशयांची मूठ ताठ वर. ऐटीत ते टेबलाकडे गेले आणि बोटं दाखवत गरजले, "नंबर सात! ढकललं!"

टेबलावरच्या बाईंनी चष्मा वर केला. "सर, सात नंबर त्या तिकडे आहे. बर्फ लावून."

सात नंबरने बर्फाची पिशवी उंचावून हलवली. हॉलमध्ये जो हशा उसळला! आत्या तर खुर्चीवरच उभी राहिली. "लांब हाताची आहे हो आमची पोरगी!"

दुसऱ्या पंच, दिवसभर न बोललेल्या एक सडसडीत बाई, शांतपणे पुढे आल्या. "फाऊल रद्द. शिट्टी चुकीची. बॉलवर या वेळी हक्क त्यांचा, त्या बाजूने टाकतील," म्हणत त्यांनी बॉल नटीच्या संघाकडे दिला.

नटी उठली तेव्हा कानापर्यंत लाल झाली होती. खांबला तिची दया यायला हवी होती, पण ती आली नाही.

शेवटचे काही सेकंद. या वेळी नटी नाटक विसरून खेळली. झुकांडी देऊन ती अशी वळली की खांब अर्धं पाऊल मागे पडली. जागा नटीची होती. बॉल वर जात होता, आणि खांबचा हात खाली आला, थेट मनगटावर. चटाक!

बॉल रिंगपर्यंतही पोचला नाही.

नटीने ओठ घट्ट मिटले. इतक्या हशानंतर तिला पुन्हा ओरडायचं नव्हतं. दुसऱ्या पंच बाईंच्या नजरेसमोर खांबची रुंद पाठ आडवी आली होती. आणि पंचमहाशय शिट्टी ओठांत धरून, मान वर करून, किंकाळीची वाट बघत उभे राहिले. ती आलीच नाही. भोंगा वाजला.

मैत्रिणींच्या गराड्यातून सुटून खांब नळावर गेली, तर नटी तिथे मनगट पाण्याखाली धरून उभी. त्यावर बोटं उमटली होती.

"हे खरं लागलं होतं," नटी म्हणाली.

"माहितेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मी पंच आहे का?" खांबने ओंजळभर पाणी तोंडावर मारलं. "ओरडायचं होतंस. आज पहिल्यांदाच तुझा हक्क होता."

दाराशी कुणीतरी पंचमहाशयांचा हात हातात घेऊन हलवत होतं. "शेवटी शिट्टी अगदी योग्य आवरलीत हं, सर!"

"अनुभव लागतो त्याला," ते म्हणाले आणि पोटावरून हात फिरवला.

खांबने तोंड वाकडं केलं. तळहात मात्र अजून चुरचुरत होता. तो तिने नटीला दिसू नये असा जॅकेटच्या खिशात खुपसला आणि आत्याच्या हाकेच्या दिशेने चालू लागली.