घरपोच मत

"सूनबाई, माह्यं धोतर कुठं ठेवलं?"

मामाजी अंगणातून विचारत होते. मी बाळाला पाजत बसले होते. मतदानाला जायचं त्यांचं धोतर कुठं आहे ते माहीत असूनही मी बाळाला दुसऱ्या कुशीत घेतलं.

निवडणूक जाहीर झाली त्याच आठवड्यात आमच्या गावच्या बाजारात दगडफेक झाली. दोन दुकानं जळाली, चार दिवस नेट बंद. मतदान बाजारामागच्या शाळेतच. हे ट्रक घेऊन बाहेरगावी. घरी मी, आठ महिन्यांचं लेकरू आणि सत्त्याऐंशी वर्षांचे मामाजी. अंगणवाडीच्या केशरबाई म्हणाल्या, "पंच्याऐंशीच्या वरच्याईचं मत घरी येऊन घेतात. फॉर्म भर वो." मी भरला. मामाजी नाहीच म्हणतील, म्हणून 'श्रावणबाळ योजनेच्या पगारासाठी हयातीचा कागद आहे' असं सांगून सही घेतली.

मतपत्रिका घेऊन माणसं आली, तेव्हा मामाजी वावरात वांग्यांना पाणी देत होते. घरी मत घ्यायला माणसं आल्याचं संध्याकाळी त्यांना कळलं; फॉर्म मीच भरल्याचं मी सांगितलं नाही.

"मी का खाटल्यावर पडलो का? बासष्टपासून पायानं जाऊन राहिलो मी!"

माणसं पुन्हा येणार त्या दिवशी ते पहाटेच वावरात निघून गेले. त्या माणसांचे साहेब जाताना म्हणाले, "ताई, आता आजोबांना केंद्रावरही मत देता येणार नाही. यादीत खूण झाली आहे."

हे मामाजींना उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत मतदानाचा दिवस उजाडला.

बाळाला कडेवर घेऊन मी त्यांच्यामागे निघाले. शाळेच्या फाटकावर बंदूकवाले जवान. रांगेत मामाजींचे जुने दोस्त खुशालराव भेटले.

"अबे वामन, जित्ता हायेस अजून?"

"तुया पार्टीले पाडल्याबिगर जात नाही मी."

दोघंही पोट धरून हसले.

आत साहेबाची पट्टी यादीवरून सरकत आली आणि थांबली. "आजोबा, तुमचं मत घरी घ्यायचं होतं. इथं नाही देता येणार."

मामाजींनी वळून माझ्याकडे पाहिलं.

"मामाजी, तो कागद पगाराचा नव्हता," मी म्हणाले. "मले भेव वाटे."

मामाजी पुन्हा टेबलाकडे वळले. साहेबाला म्हणाले, "शाई तरी लावता का?"

"नाही लावता येत, आजोबा."

माझं मत होईपर्यंत ते भिंतीशी उभे राहिले.

बाहेर खुशालराव शाईचं बोट नाचवत थांबले होते. "टाकलं का बे?"

मामाजींनी डावा हात सदऱ्याच्या खिशात घातला. "टाकलं."

वाटेत बाळ उन्हानं रडायला लागलं. मामाजींनी उपरणं काढलं आणि डावा खिशातच ठेवून एकाच हातानं, दोनदा घसरलं तरी, त्याच्या डोक्यावर नीट पांघरलं.