एक्केचाळीस निघाले, एक्केचाळीस पोहोचले

मित्रांनो, मला पांढरा म्हणू नका. तो रंग मी फार दूर सोडून आलो आहे. सोलापूरच्या एका यंत्रमागावर विणलेला मी जुना टॉवेल. माझ्या अंगात दोन ताणे आहेत, एक घट्ट, एक सैल. सैल ताण्याची वेटोळी वर उठतात आणि ओल टिपतात; घट्ट ताणा त्यांना धरून ठेवतो. टिपणे आणि धरून ठेवणे, एवढेच मला येते.

चाटी गल्लीतल्या चन्नप्पांच्या दुकानात मी वर्षभर पडून होतो. पांढऱ्याला गिऱ्हाईक नव्हते. त्यांची मुलगी दाक्षायणी परदेशी नोकरीवर निघाली, तेव्हा तिने मलाच उचलले.

"अगं, पांढरा कशाला? दोन दिवसांत मळतो की. हा मोराचा ने."

"अप्पा, मोर बघून कोण गोळी थांबवतंय?"

"मग टॉवेल बघून थांबवत्यात व्हय?" चन्नप्पा हसले. हसता हसता त्यांनी माझी घडी मोडून पुन्हा घातली आणि बराच वेळ तिच्यावरून हात फिरवत राहिले.

दाक्षायणी एका आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेची वाटाघाटी अधिकारी होती. दोन वैरी सैन्यांच्या मध्ये बसायचे आणि जखमींसाठी चार तासांची वाट मागून घ्यायची, हे तिचे काम. पहिल्याच वर्षी वाऱ्याने संस्थेचा झेंडा फाडला, तेव्हा तिने मला गाडीच्या काठीला बांधले. पुढची अकरा वर्षे मी तिथेच फडफडलो. ज्या गावांची नावे बातम्यांत चार दिवस टिकली, त्या गावांचा धूर माझ्यात वर्षानुवर्षे राहिला.

तिच्या कामाचा कणा म्हणजे यादी. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचे नाव, वय, जखम. खाली दोन्ही सेनापतींच्या सह्या. यादीबाहेरचा एक जरी माणूस सापडला, तर करार मोडे आणि पुढच्या गावाची वाटही बंद होई. म्हणून ती नाक्यावर कधी खोटे बोलली नाही. "त्यांना माझ्याबद्दल एवढंच ठाऊक असतं," ती म्हणे, "की ही बाई खोटं बोलत नाही."

एका हिवाळ्यात वेढलेल्या गावातून एक्केचाळीस जणांना एका बसने नदीपार न्यायचे होते. वाटेत एका गरोदर मुलीला वेळेआधीच कळा सुरू झाल्या. तिच्या म्हाताऱ्या आईने बसमध्येच बाळंतपण केले. दाक्षायणीने मला काठीवरून सोडले आणि त्या ओल्या जिवाभोवती गुंडाळले.

शेवटचा नाका पुलाच्या तोंडाशी होता. मुदत संपायला पंचवीस मिनिटे उरली होती. बाळ रडत नव्हते. चालक, जो दुभाषीही होता, हळूच म्हणाला, "बाई, टॉवेलाचं गाठोडं आहे म्हणा. कोण उघडून बघतंय?"

मित्रांनो, मी तेवढा मोठा होतो. मी त्याला झाकू शकलो असतो.

नाक्यावरचा अधिकारी आत चढला. "किती?"

दाक्षायणीने माझ्याकडे पाहिले. "बेचाळीस," ती म्हणाली. "एक वाटेत जन्मलं."

"यादीत एक्केचाळीस आहेत."

"साहेब, ते अर्ध्या तासाचं आहे."

"मी वय विचारलं नाही. एक्केचाळीस."

तिने दोन्ही सेनापतींना फोन लावले. घंटा वाजत राहिली. मुदतीला सहा मिनिटे असताना ती म्हातारी उठली आणि काहीतरी बोलली. चालकाने मान खाली घातली. "ती म्हणते, माझ्या जागी त्याला मोजा."

तिने कोटाची बटणे लावली, माझे टोक बाळाच्या कपाळावर ओढले आणि उतरली. तिची मुलगी ग्लानीत होती. तिला काहीच कळले नाही. अधिकाऱ्याने यादी पुढे केली. दाक्षायणीने म्हातारीच्या नावावर रेघ मारली आणि शेजारी सही केली.

पलीकडे बाळाला घोंगडी मिळाली. मी डागासकट परत आलो. म्हातारी ज्या गावाकडे मागे फिरली होती, ते नवव्या दिवशी पडले. ती पुढे कोणत्याच यादीत सापडली नाही, जिवंतांच्या नाही आणि मेलेल्यांच्याही नाही.

अहवालात लिहिले गेले : एक्केचाळीस निघाले, एक्केचाळीस पोहोचले. ते वाक्य खरे होते. त्याच वाक्यासाठी दाक्षायणीला पदक मिळाले. त्यानंतर तीन वर्षे ती प्रत्येक करारात एक कलम घालण्यासाठी भांडली : वाटेत जन्मलेले मूल आईच्याच क्रमांकात धरावे. काहींनी सही केली. बहुतेकांनी चहा मागवला. मग ती राजीनामा देऊन घरी आली. सोलापुरात सत्कार झाले, फलकांवर तोच आकडा झळकला, आणि मी माळ्यावर गेलो.

गेल्या महिन्यात तिच्या भावाच्या बायकोने, शिवलीलाने, मला खाली काढले.

"अक्का, ह्याचं पोतेरं करू का? लई विटलाय की. डाग बी कसला हाय कुणास ठाऊक."

दाक्षायणीने सारे सांगितले, घरात पहिल्यांदाच. शिवलीला फरशीवर बसून ऐकत राहिली.

"म्हंजे तुमी खोटं बोलला असता, तर म्हातारी वाचली असती?"

"कदाचित. नाहीतर सगळेच अडकले असते. मला अजून ठरवता आलेलं नाही."

"नाव काय हो तिचं?"

पदक देणाऱ्यांनी, सत्कार करणाऱ्यांनी हे कधी विचारले नव्हते. दाक्षायणी म्हणाली, "ग्युल्नारा."

"गुल..."

"ग्युल्नारा."

शिवलीलाने ते नाव जिभेवर बसेपर्यंत पुन्हा पुन्हा म्हणून पाहिले. मग फरशी पुसायला दुसरे काहीतरी शोधायला गेली.

मित्रांनो, मला जपा असा माझा आग्रह नाही, कापड विटायचेच. पण उद्या तुम्हीही याद्या कराल, वर्गाच्या, सहलीच्या, कधी पुरात बुडालेल्या एखाद्या वस्तीच्या. आकडा जुळला की माणसांना सुटल्यासारखे वाटते. तुम्ही तेवढ्यावर उठू नका. जिथे रेघ मारलेली दिसेल तिथे बोट ठेवा, आणि खालचे नाव एकदा मोठ्याने वाचा.