डावीकडचं आभाळ

विमान शोधायला मला कधीच वेळ लागला नाही. ही गोष्ट खटकायला मात्र फार वेळ लागला.

ह्यांनी विमान आणलं तेव्हा आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि एवढ्या वर्षांत ह्यांनी पत्त्यांच्या डावालासुद्धा हात लावला नव्हता. कारखान्यात क्रेन चालवायची, घरी यायचं, जेवायचं, झोपायचं. छंद म्हणालात तर खिडकीत उभं राहून खाली कुणी गाडी वाकडी लावली की ‘च्च’ करायचं, तेवढाच. आणि एका संध्याकाळी हाच माणूस काखेत लांबलचक खोका धरून दारात. आत पांढऱ्या फोमचं विमान, मी दोन्ही हात पसरले तर जेमतेम मावतील एवढे पंख, नाकावर छोटा पंखा, आणि दोन दांड्यांचा रिमोट.

“कुणासाठी?” मी विचारलं.

“माझ्यासाठी.”

“बरं आहे ना तुम्हाला?”

“का? माणसाने काही शिकू नये?”

“शिका की. फक्त माझ्या शिलाई मशीनवर उतरवू नका.”

त्याच्या दोन महिने आधी ह्यांचं डोकं भयंकर दुखलं होतं. दोन दिवस पडदे ओढून पडून होते, तिसऱ्या दिवशी उठून डबा घेऊन कामावर गेले. त्या दुखण्याचा आणि ह्या विमानाचा संबंध मी लावला नाही. कोण लावेल?

शहर संपतं तिथे एक मोकळं मैदान आहे. उजवीकडे रस्ता, डावीकडे कोरडा नाला आणि नाल्याच्या अलीकडे कंबरभर गवत. रविवारी सकाळी तिथे पाचसहा जण विमानं उडवायला जमायचे. शिकवायचे ते एक म्हातारे घड्याळजी. दुकान मुलाला देऊन टाकलेलं, पण हात अजून केसाएवढा स्क्रू धरायला तयार. त्यांनी पहिले दोन रविवार ह्यांना विमान उडवूच दिलं नाही. बॅटरी लावा, दांडी उजवीकडे करा, पंखावरची पट्टी बरोबर हलते का बघा, बॅटरी काढा. पुन्हा.

“उडवायच्या आधी तपासायचं,” घड्याळजी म्हणायचे. “वर गेल्यावर तपासायला माणूस पाठवता येत नाही. आणि उडवायचं ते दोन चुका झाल्या तरी सावरता येईल इतक्या उंचीवर. एकच चूक खपेल अशा उंचीवर उडवणारे इथे पुष्कळ येऊन गेले.”

“कुठे गेले ते?” मी विचारलं.

“घरी. पिशवीत तुकडे घेऊन. आणि वहिनी, खरी गंमत पुढेच आहे. विमान लांब जातंय तोवर सगळं सरळ. ते तुमच्याकडे तोंड करून यायला लागलं की उलटं होतं. तुम्ही दांडी उजवीकडे नेली की ते तुमच्या डावीकडे जाणार.”

“म्हणजे समोर आलं की सांगितल्याच्या उलट करतं. मग त्यात नवीन काय, असं एक माझ्या घरी आहेच.”

घड्याळजी हसले. हे हसले नाहीत. ह्यांचं सगळं लक्ष आभाळात होतं, शेंडीपासून टाचेपर्यंत ताठ, परीक्षेला बसल्यासारखे. मला वाटलं, हौस म्हणजे एवढी?

तिसऱ्या रविवारी विमान उडालं आणि पडलं. चौथ्या रविवारी दोनदा पडलं. पाचव्याला नाक मोडलं, आणि पुढचे काही रविवारही असेच गेले. मी गवतात जाऊन ते उचलून आणायची, घरी नेऊन फोमचा गोंद लावायची, फटीवर पट्टी चिकटवायची. उसवलेलं सांधायचा माझा धंदाच, त्यामुळे हे काम आपोआप माझ्याकडे आलं. घड्याळजी दर वेळी तेच म्हणायचे, “डाव्या-उजव्याचा घोटाळा. सगळ्यांचाच होतो.” आणि मग त्यांनीच सुचवलं, नवशिक्याच्या शेजारी एक बोलणारा माणूस लागतो. विमान कुठे आहे, कसं कललंय, मैदानात कोण आलंय, ते सांगत राहणारा.

मी बोलायला लागले. “डावीकडे गेलं. अजून गेलं. कलतंय. वळवा. आता आलं.” हे ऐकायचे. सव्वीस वर्षांत ह्या माणसाने माझं एवढं मुकाट्याने कधी ऐकलं नव्हतं. विमान पडायचं थांबलं. सहा रविवार एकदाही पडलं नाही. घरी येताना हे रिक्षात गुणगुणायचे, आणि मला, खरं सांगायचं तर, ते रविवार फार आवडायला लागले होते.

त्यातल्या सहाव्या रविवारी मी विमान घ्यायला गवताकडे गेले नाही, पण नजर तिकडे गेली. गवतात एक पायवाट पडली होती. मळलेली, सरळ, एका जागी जाऊन संपणारी. ती माझ्याच पायांनी पडली होती. विमान जेवढ्या वेळा पडलं तेवढ्या वेळा तिथेच पडलं होतं. डाव्या-उजव्याचा घोटाळा करणारा माणूस कधी रस्त्यावर पाडील, कधी डोक्यावर पाडील. हे विमान एकदाही उजवीकडे पडलं नव्हतं.

मी तशीच उभी राहिले. पाठीमागून हे हाक मारत होते, “अगं, चल, ऊन झालं.”

ह्यांचं काम सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. कारखान्यात लोखंडाच्या मोठमोठ्या टाक्या बनतात, आमच्या दोन खोल्या आत मावतील एवढ्या. शेडच्या छपराखाली रुळांवर क्रेन चालते, तिच्या कॅबिनमध्ये हे. खाली माझा धाकटा भाऊ. त्याला आम्ही बारक्या म्हणतो. चाळिशी उलटली, वजन नव्वद किलो, पण पडलेलं नाव पडलं. ह्यांनीच त्याला तिथे चिकटवला. तो टाकीला बेल्ट बांधतो, हाताने खुणा करतो, आणि टाकी उचलली की ती गरगरू नये म्हणून तिला बांधलेला दोर धरून बरोबर चालतो. कॅबिनच्या डाव्या अंगाने.

बुधवारी मी ह्यांच्या शर्टाचं माप घ्यायला काढलं. छाती घेतली, बाही घेतली, आणि डाव्या बाजूला उभी राहून हात लांब करून चार बोटं उभी केली.

“समोर बघा. किती?”

“काय किती?”

“बोटं.”

“कुठली बोटं?”

मी हात हळूहळू पुढे आणत गेले. पार नाकासमोर आल्यावर हे म्हणाले, “चार.” मी वहीत छाती बेचाळीस लिहिलं, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं.

“दोन्ही डोळ्यांनी तसंच?” मी विचारलं.

“तसंच.”

“कधीपासून?”

“डोकं दुखलं तेव्हापासून.” हे खुर्चीवर बसले. “काळं नाही दिसत. काहीच नसतं तिथे. मान वळवली की असतं.”

“कंपनीचा डॉक्टर मागच्या महिन्यात तपासून गेला ना?”

“त्याने तक्ता वाचायला लावला. तक्ता समोर असतो. शेवटच्या ओळीपर्यंत वाचला मी.”

“आणि इतके महिने तुम्ही क्रेनवर चढताय.”

“क्रेनवर मान फिरवत राहतो. बत्तीस वर्षांचा हात आहे. पण मलाही बघायचंच होतं की किती बिघडलंय. शेडमध्ये कसं बघणार? म्हणून विमान घेतलं. चुकलोच तर फोम पडेल.” मग जरा उजळून म्हणाले, “आधी पडत होतं. आता सहा रविवार पडत नाही. भरून येतंय हळूहळू.”

“मी ओरडून सांगते म्हणून पडत नाही.”

“तू सांगायच्या आधीच मला दिसलेलं असतं.”

हे खोटं बोलत नव्हते. तेच वाईट होतं. माझा आवाज ह्यांच्या कानात शिरून डोळा झाला होता, आणि ह्यांना तो स्वतःचाच डोळा वाटत होता. तो मीच बसवून दिला होता, दर रविवारी, लाडाने. आणि शेडच्या त्या खणखणाटात, छपराखाली, मी नसते.

“सोमवारी मोठी टाकी आहे,” हे म्हणाले. “आजवरची सगळ्यांत मोठी. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायची. ती माझ्याशिवाय कोण नेणार? सोमवार होऊ दे. मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो.”

“दोर कोण धरणार?”

“बारक्या. दुसरं कोण?”

बारक्याला तेव्हाच फोन करायला हवा होता, असं कुणीही म्हणेल. पण तो काय म्हणाला असता तेही मला माहीत होतं. ताई, भाऊजी डोळे मिटून क्रेन चालवतात. शेडमध्ये सगळे हेच म्हणत आणि कौतुकाने म्हणत. सांगून पटणार नव्हतं, ना त्याला, ना ह्यांना. मी बारक्याला एवढंच कळवलं की रविवारी मैदानावर ये, भाऊजींचं विमान बघ.

तो आला. घड्याळजींना नमस्कार करून, विमान हातात घेऊन उलटंपालटं बघून म्हणाला, “भाऊजी, हे तर माझ्या एका शिंकेत उडेल.”

“तू बाजूला उभा राहून शीक मग,” हे म्हणाले. “आयुष्यभर दोरच धरणार का?”

“तुम्ही वर आहात तोवर मला काय काळजी?”

मी विमानाची बॅटरी लावली. पट्ट्या हलतात का बघितल्या. दोन्ही हलत होत्या.

“वहिनी, या इकडे, बोला,” घड्याळजी म्हणाले.

“आज घसा बसलाय,” मी म्हटलं.

ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. “बसू दे. मला गरज नाही.”

बारक्याने विमान वाऱ्यावर सोडलं. ते सुरेख चढलं. उजवीकडे रस्त्यावरून एक मोठी फेरी झाली, मग दुसरी. बारक्या शिट्टी वाजवत होता. मग विमान आमच्या समोरून डावीकडे गेलं आणि डावा पंख जरासा कलला. जरासाच. अशा वेळी मी ‘कलतंय’ म्हणते. मी ओठ दाताखाली धरले. ह्यांनी मान थोडी वळवली, पण विमान मानेच्या पुढे पळत होतं. ते कलत गेलं, वाकत गेलं, मोठं वर्तुळ काढत खाली आलं. त्याला काही घाई नव्हती. दोन चुकांची उंची होती, ती सगळी मी गप्प राहून जाऊ दिली. पायवाट संपते त्या जागी गवत हललं आणि थांबलं. एवढ्या लांबून आवाजसुद्धा आला नाही.

ह्यांचे अंगठे दांड्यांवर हलत होते. हळू, नेमके. चेहरा शांत.

“बघ,” हे बारक्याला म्हणाले, “कसं सरळ चाललंय.”

बारक्या हसला. भाऊजी थट्टा करताहेत असं त्याला वाटलं असणार. मग त्याने माझ्याकडे बघितलं, घड्याळजींकडे बघितलं. आम्ही कुणी हसत नव्हतो.

“आता वळवतोय,” हे म्हणाले. “येईल उजवीकडून.”

“भाऊजी,” बारक्या म्हणाला. “विमान कुठंय?”

ह्यांनी मान डावीकडे वळवली. मग आणखी वळवली. मग सगळं आभाळ शोधलं, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि शेवटी खाली गवतात पांढरं दिसलं तिथे नजर थांबली. घड्याळजी दुसरीकडे बघत चष्मा पुसत होते.

बारक्याला मी तिथेच सगळं सांगितलं. चारपाच वाक्यांत मावलं. त्याचा हात नकळत दोर धरल्यासारखा मिटला होता.

“उद्या दोर मी नाही धरणार, भाऊजी,” तो म्हणाला.

ह्यांना राग आला नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. हे समजुतीने म्हणाले, “बरं. दुसरा कुणी धरेल.”

तोपर्यंत मला वाटत होतं की बघितल्यावर हे आपणहून थांबतील. माझी सगळी योजना तेवढ्यावरच उभी होती. तो दुसरा कुणीही कुणाच्या तरी घरचा बारक्याच असेल, हे ह्या भल्या माणसाच्या डोक्यात आलं नाही.

“शेडच्या साहेबांना फोन लाव,” मी बारक्याला म्हटलं.

“ताई, बत्तीस वर्षांची नोकरी आहे त्यांची.”

“लाव.”

त्याने लावला आणि फोन माझ्या हातात दिला. पलीकडे घंटी वाजत होती.

“तू मुद्दाम गप्प बसलीस,” हे म्हणाले.

“हो.”

“मला वाटलं, तू आहेस.”

मी ह्यांच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिले, जे करायचं ते ह्यांना दिसेल अशा जागी. साहेबांनी फोन उचलला. मी सांगितलं की मी क्रेनवाल्यांच्या घरून बोलतेय, आणि उद्या ते वर चढणार नाहीत, का ते ऐकून घ्या. हे समोर गवताकडे बघत उभे होते, आणि माझं बोलणं संपेपर्यंत ह्यांचे अंगठे दांड्यांवर हलत होते.